पाण्याची तारीख, दुखण्याची तारीख

पहाटे ५.१५

बाटल्या काल संध्याकाळीच निर्जंतुक होऊन आल्या आहेत. तोंडाला कागद, वर दोरा. प्रत्येकीच्या तळाशी थोडं सोडियम थायोसल्फेट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तो बाटलीत शिरल्यावरही जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी होतं त्याहून चांगलं दिसू लागतं. थायोसल्फेट त्याला तिथल्या तिथे थांबवतं, म्हणजे नमुना नळाखाली धरला त्या क्षणाचंच पाणी आपल्या हाती राहतं.

बर्फाच्या पेटीत बाटल्या, स्पिरिट, कापूस, काडेपेटी, क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, म्हणजे ओटीची बाटली, दोन वह्या. जाताना गाडीत झोपायचं नाही असं ठरवते आणि झोपते.

६.४५

भीमेकाठचं, सोलापूर जिल्ह्यातलं गाव. नाव लिहीत नाही, कारण कावीळ आणि गावाचं नाव एकदा शेजारी छापलं गेलं की पुढच्या हंगामात सोयरिकीच्या बोलण्यातही ते निघतं.

पाणी एक दिवसाआड येतं, सातच्या सुमारास, तासभर. आम्हाला हवी ती नेमकी पहिली दहा मिनिटं. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो. तो गटाराच्या कडेने जातो, कुठे गटारातूनच जातो, आणि जिथे सांधा ढिला असेल तिथे बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी सुटलं की ती सगळी पुढे ढकलली जाते आणि पहिल्या घागरीत उतरते. बायकांना हे कुणी शिकवलेलं नाही. "पयलं पाणी म्हशीला. मग आमचं," एक आजी सांगतात. त्यांच्या नळाचे दोन नमुने घेतले: एक म्हशीचा, एक माणसांचा.

दाब कमी म्हणून वस्तीवर लोकांनी खड्डे खणून नळ खाली घेतलेत. खड्ड्यात पाणी साचतं, नळाचं तोंड त्यात बुडतं, आणि पाणी गेलं की तेच पाणी उलटं पाइपात जातं. काहींनी थेट नळाला मोटर लावली आहे. मोटर ओढते ती फक्त टाकीतलं पाणी ओढत नाही, वाटेत फट असेल तर गटारही ओढते. नमुना घेण्याआधी नळाचं तोंड ज्योतीने शेकायचं असा नियम आहे, पण आता तोट्या प्लास्टिकच्या. शेकली तर वितळते. स्पिरिटने पुसून भागवतो.

टाकीजवळच्या नळावर ओटी टाकली, पाणी छान पिवळं झालं. वस्तीच्या शेवटच्या नळावर रंगच आला नाही. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, असं भारतीय मानक सांगतं. पण ग्रामपंचायतीची चाचणी बहुधा टाकीजवळच्या नळावर होते, कारण तो जवळ आहे. वहीत म्हणून कायम पिवळं.

८.३०

आता घरं. ठरलेल्या कुटुंबांकडे आम्ही दर पंधरवड्याला जातो. पाच वर्षांखालच्या मुलांची विचारपूस आधी. गेल्या सात दिवसांत चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास झाली का? सातच दिवस, कारण त्याआधीचं आईला आठवत नाही. महिन्याचं विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते अंदाजाचं असतं.

मग म्हणायचं, "लेकराला पाणी देता तसं या बाटलीत द्या." हे महत्त्वाचं. "पिण्याच्या पाण्याचा नमुना द्या" म्हटलं की बाई हात धुते, नवा ग्लास काढते, ओगराळं शोधते. लेकराला देताना ती हंड्यात तांब्या बुडवते आणि तिची बोटं पाण्याला लागतात. नळावर स्वच्छ निघालेलं पाणी हंड्यात दूषित निघतं ते असं, आणि क्लोरीन शिल्लक नसेल तर त्या बोटांच्या जंतूंना अडवणारं काही नसतं. घराला नावं ठेवायची नाहीत, हे मी सोबतच्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगते. एक दिवसाआड तासभर पाणी येणाऱ्या गावात पाणी साठवावंच लागतं.

चहाला नाही म्हणता येत नाही. चहाचं पाणी उकळलेलं असतं, एवढं समाधान.

१०.४५

चौकात पाण्याचं एटीएम. नाणं टाकायचं, जार भरायचा. ज्यांना परवडतं ते आता इथलंच पितात, आणि सरपंचांनाही वाटतं की प्रश्न सुटला. आरओ क्षार काढतं, यंत्र नीट राखलं तर जंतूही अडवतं, पण क्लोरीनही काढून टाकतं. मग जार धुतला कशाने, भरला कुणी, तोटीला हात कुणाचा लागला, यावर सगळं अवलंबून. विक्रेता टीडीएसचं मीटर बुडवून आकडा दाखवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्याचा जंतूंशी काही संबंध नाही. गटाराचा एक थेंब पडला तर त्या मीटरला पत्ताही लागत नाही.

जारचा नमुना घेतला. विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, फोटो काढू का? लावायला." नको म्हटलं.

१२.००

प्राथमिक आरोग्य केंद्र. इथे माझं खरं काम सुरू होतं, आणि ते फार कंटाळवाणं आहे: बाह्यरुग्ण नोंदवही उघडायची आणि जुलाब, ताप, कावीळ यांच्या तारखा उतरवायच्या. आशाताईंची यादी वेगळी, आरोग्यसेवकांची वेगळी. गावातल्या खासगी डॉक्टरांकडचे रुग्ण तर कुठल्याच यादीत नाहीत, म्हणून त्यांच्याकडेही जायचं. ते दुपारी झोपलेले असतात.

पाण्याची वही ग्रामपंचायतीत, दुखण्याची वही दवाखान्यात. दोन्ही प्रामाणिकपणे लिहिलेल्या असल्या तरी शेजारी ठेवल्या की जुळत नाहीत, कारण दोन्हींतल्या तारखा वेगवेगळ्या असतात. पटकी असेल तर पाणी प्यायल्यापासून काही तास ते पाच दिवसांत ढाळ लागतात. तिथे आजचा नमुना उपयोगी पडतो. हेपेटायटिस 'ई'ची कावीळ मात्र दोन ते दहा आठवड्यांनी उमटते. माणूस पिवळा होऊन दवाखान्यात येतो, आरोग्य खातं धावतं, नळाचा नमुना घेतला जातो, अहवाल येतो, 'पिण्यास योग्य'. तो खराही असतो. पण रुग्ण प्यायला ते पाणी मे महिन्यातलं, आणि नमुना जुलैतला. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारेचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला, तेव्हाही हाच पेच होता: पोट बिघडून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी हातपाय लुळे पडू लागतात.

दुसरी अडचण अधिक अवघड. आपण पाण्यात ई. कोलाय शोधतो, म्हणजे विष्ठेची खूण शोधतो. खुद्द विषाणू नाही. १९५५च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पाणी उपशाच्या ठिकाणी सांडपाणी घुसलं. क्लोरीन टाकला होता. विषमज्वर, हगवण वाढली नाही, पण पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरीनने जीवाणू मारले, विषाणू सुटला. तो कोणता हे तेव्हा कळलं नाही. त्या रुग्णांचं जपून ठेवलेलं रक्त १९८०च्या सुमारास पुन्हा तपासलं गेलं, त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ होते, आणि ही नेहमीची 'ए' कावीळ नव्हे हे ठरलं. पुढे त्या विषाणूला 'ई' म्हणू लागले. नमुना निर्दोष आला म्हणून साथ पाण्याची नाही असं कुणी म्हणालं की मला दिल्ली आठवते.

३.३०

प्रयोगशाळा. बर्फ अर्धा वितळलेला, पण बाटल्या गार आहेत. प्रत्येक नमुन्यातलं १०० मिलिलिटर पाणी गाळणीतून ओढायचं, गाळणी पोषक थाळीवर ठेवायची, ४४ अंशांवर रात्रभर. मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको. उद्या मोजायचं.

कालच्या थाळ्या आज मोजल्या. नेहमीचंच चित्र: टाकीजवळ काही नाही, शेवटच्या वस्तीवर ठिपके, हंड्यात त्याहून जास्त.

५.००

तक्ते. या तासात मी घरच्यांशी फोनवर नीट बोलत नाही, अशी तक्रार आहे.

दूषित पाणी पिणाऱ्या घरात जुलाब जास्त, हे दाखवणं सोपं. पण त्याच घरात संडास नाही, जागा अपुरी, मूल मजुरीच्या ठिकाणी धुळीत खेळतं. यातलं नेमकं कशामुळे? पटकीचं मूळ पाण्यात शोधणारे डॉक्टर जॉन स्नो म्हटलं की लोकांना १८५४मधली लंडनची ब्रॉड स्ट्रीट आणि तिथल्या पंपाचा काढलेला दांडा आठवतो. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत दोन कंपन्यांचं पाणी येई. एक थेम्समधलं शहरातलंच, सांडपाणी मिसळलेलं पाणी देई, दुसरीने आपला उपसा नदीत शहराच्या वर नेला होता. माणसं तीच, गरिबी तीच, फक्त पाणी वेगळं. भाडेकरूंना कंपनी ठाऊक नसे, तेव्हा स्नो पाण्यातला खारटपणा तपासून ती ओळखत. अशी गल्ली मिळणं नशिबाची गोष्ट.

ती न मिळाल्यास प्रयोग करावा लागतो, आणि प्रयोग गर्व उतरवतात. २०१८मध्ये बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. बांगलादेशात संडास सुधारल्याने, हात धुतल्याने मुलांचे जुलाब कमी झाले, पण नुसत्या पाण्यात क्लोरीन टाकून ठळक फरक पडला नाही. केनियात कशानेच नाही. याचा अर्थ पाणी बिनमहत्त्वाचं असा काढणारे भेटतात. मला तो पटत नाही. बांगलादेशच्या त्या गावांत लोक हातपंपाचं पाणी पीत होते, शहरभर फुटक्या पाइपाने वाटलेलं नाही. साथ पाइपाने वाटली जाते तेव्हा एका सांध्याने शेकडो घरं आजारी पडतात. सरासरी जुलाब मोजणाऱ्या चाचणीत ते दिसणार नाही.

८.१५

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा फोन. वस्तीवर कावीळ, तीन जण. त्यातली एक सात महिन्यांची गरोदर. हे ऐकून मी उभी राहिले. हेपेटायटिस 'ई' बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावल्याच्या नोंदी आहेत. तिला आज रात्रीच जिल्हा रुग्णालयात पाठवा म्हटलं. रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबायचं नाही. वस्तीवर पाणी उकळून पिण्याचा निरोप, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नवं आणून टाकायचं. जुनं उघडं पोतं दमट होऊन त्याचा क्लोरीन उडालेला असतो.

मग पाणी सोडणाऱ्या अण्णांना फोन लावला. विचारलं, मे महिन्यात वस्तीच्या पाइपाला काही झालं होतं का?

"व्हय की. रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला, तवा पाइप तुटला हुता. चार दिस तसाच. मग मीच जोडला, ट्यूब गुंडाळून."

कुठे लिहिलंय का?

"लिवायचं काय त्यात?"

क्लोरीनची वही मी आज दुपारी चाळली होती. त्या चार दिवसांतही 'पिवळा' अशीच नोंद आहे, आणि टाकीजवळच्या नळापुरती ती खरीच असणार.

ग्रामपंचायतीत, पाणी समितीवर, सोसायटीच्या कमिटीवर तुम्ही असाल तर ओटीच्या वहीत एक रकाना वाढवा: पाइप कुठे फुटला, कोणत्या तारखेला, कधी जोडला. आणि ओटी टाकीजवळ नको, शेवटच्या नळावर करा.