वाळूच्या झोताचे पाइप आणि त्यांची पारख

तंबाखू ओढण्याची आपल्याकडची साधने म्हणजे चिलीम, विडी आणि हुक्का. लाकडी पाइप हा साहेबाच्या तोंडातला. तेव्हा कामगार चळवळीतल्या माणसाने पाइपाविषयी का बोलावे, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. आमचे उत्तर साधे आहे. वस्तूची किंमत कशी ठरते हे समजून घ्यावयाचे असेल, तर ही मुठीत मावणारी वस्तू फार उपयोगी पडते. तंबाखूची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. तिने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. आमचा विषय लाकडाचा, कसबाचा आणि मोलाचा आहे.

प्रथम लाकूड पाहू. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, सार्डिनिया, ग्रीस, अल्जीरिया या भागांत, एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या मुळाशी जमिनीत एक टणक गाठ धरते. हेच ब्रायर. ही गाठ खणून काढतात, तिचे ठोकळे पाडतात, ते कित्येक तास पाण्यात उकळतात आणि महिनोन्महिने वाळवतात. मग त्यातून पाइपाची वाटी व दांडी कोरतात आणि निराळी तोंडी बसवतात.

या गाठीत तंतू आतून बाहेर जातात आणि वाढीची वलये त्यांना आडवी छेदतात. वलयांतला काही भाग मऊ, काही टणक. त्यावर दाबाच्या हवेने वाळूचा झोत सोडला, की मऊ भाग झडून जातो आणि टणक भाग कंगोऱ्यांसारखा उभा राहतो. जुन्या वाड्याचा पावसाने झिजलेला सागवानी खांब ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको. पावसाला जे करावयास पन्नास वर्षे लागतात, ते झोत काही मिनिटांत करतो.

हा झोत मुळात पाइपासाठी निघालेला नव्हे. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. पाइपांवर त्याचा पद्धतशीर उपयोग लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांनी केला. त्यांनी १९१७ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१८ साली ते मिळाले. या खडबडीत पाइपाला त्यांनी ‘शेल’ म्हणजे शिंपला हे नाव दिले.

आता पारख. संग्राहक पहिली गोष्ट पाहतात ती खोली. कंगोरा बोटाला स्पष्ट लागला पाहिजे. १९२०च्या सुमाराच्या जुन्या शेल पाइपांना आजही मान आहे, कारण त्यांचे अल्जीरियन लाकूड मऊ असल्यामुळे झोत खोल जाई. पुढे १९५०च्या दशकाच्या प्रारंभी आलेला फिकट रंगाचा ‘टॅनशेल’ सार्डिनियाच्या अधिक टणक लाकडाचा. त्यावरची नक्षी उथळ.

परंतु नुसती खोली पुरत नाही. दुसरी कसोटी वलयांच्या नेटकेपणाची. ठोकळा असा धरून कापला, की तंतू वाटीत उभे राहतात, तर वलये वाटीभोवती आडवी फिरतात, एकावर एक बांगड्या चढवाव्यात तशी. ही वलये जितकी दाट, सारखी आणि अखंड, तितका पाइप वरच्या प्रतीचा. म्हणजे झोत मारण्याच्या कितीतरी आधी, ठोकळा निवडणाऱ्याच्या आणि कापणाऱ्याच्या नजरेने निम्मी किंमत ठरलेली असते.

तिसरी कसोटी आकाराची. झोत मारताना हात चुकला तर वाटीचा काठ वेडावाकडा होतो, दांडी एका बाजूने बारीक पडते. खोल नक्षी आणि शाबूत आकार या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे हेच खरे कसब. येथे एक सावधगिरी हवी. हत्याराने कोरून खडबडीत केलेला पाइप निराळा. इटलीतील कास्तेलोचा प्रसिद्ध ‘सी रॉक’ हा असा कोरीव पाइप आहे. तोही मोलाचा, परंतु त्यातली नक्षी कारागिराने घातलेली असते. झोताच्या पाइपात मुळात लाकडात असलेलीच नक्षी उघडी होते.

चौथी गोष्ट शिक्के. ते वाचता यावेत म्हणून दांडीखाली एक पट्टी गुळगुळीत ठेवतात. डनहिलच्या पाइपांवर ‘इंग्लंड’ या शब्दाजवळचा बारीक आकडा सालाचा असतो. मात्र तोच आकडा निरनिराळ्या दशकांत पुन्हा येतो, म्हणून पेटंट क्रमांकासारख्या इतर खुणांशी तो ताडून पाहावा लागतो. वर्तुळातला १ ते ६ हा आकडा पुष्कळांना प्रतवारीचा वाटतो. तो केवळ आकारमानाचा आहे. सहा म्हणजे मोठा, उत्तम नव्हे.

शेवटी स्थिती. काठ जळलेला, वाटी आतून तडकलेली, कंगोरे हाताळून गुळगुळीत झालेले, तोंडी बदललेली, किंवा पॉलिशच्या चाकावर शिक्का पुसलेला असेल, तर मोठ्या नावाचाही भाव उतरतो.

यात एक उलटापालट ध्यानात घेण्यासारखी आहे. ब्रायरमध्ये बारीक खळगे निघतात. गुळगुळीत पाइपात ते डोळ्यांत भरतात, म्हणून असे नग झोताकडे पाठवीत आणि ते स्वस्त विकले जात. आज काही कारागीर मुद्दाम उत्तम ठोकळे झोतासाठी राखतात. अमेरिकेतील जे. टी. कुक यांची ख्याती तर झोताच्या कामावरच उभी आहे. एके काळी दोष झाकणारी क्रिया आज गुण दाखविणारी ठरली आहे. लाकूड बदलले नाही. पाहणाऱ्याची नजर बदलली.

आणि म्हणूनच आम्हांला एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. संग्राहक भिंग लावून पाइपाचे साल शोधतो. झोतापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव कारखान्याच्या शिक्क्यात सापडत नाही. कोरड्या वाळूची धूळ फुप्फुसात बसली, की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आपल्या ओतकामाच्या कारखान्यांत तोंडाला नुसता पंचा बांधून झोत मारणारे कामगार आम्ही पाहिले आहेत. ब्रिटनने १९४९च्या नियमांनी अशा कामात वाळू वापरण्यास बंदी केली. आपल्या १९४८च्या फॅक्टरी कायद्यात सिलिकोसिस हा कळविणे बंधनकारक असलेला रोग होता. झोतासाठी काचेचे मणी, ॲल्युमिनियम ऑक्साइड असे पर्यायही उपलब्ध आहेत. बंद पेटी, धूळ ओढणारा पंखा आणि श्वासाची नीट सोय यांचा खर्च वस्तूच्या किमतीत धरलाच पाहिजे.

पारख करावयाची ती खोलीची, वलयांची, आकाराची आणि शिक्क्याची, हे खरे. त्यांत एक प्रश्न आणखी जोडावा, एवढीच आमची विनंती: हे ज्याने घडविले, त्याचा श्वास शाबूत राहिला काय?