कॅम सॉफ्टवेअर : अपग्रेड की बदल?
हा प्रश्न अहिल्यानगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या, दोन-तीन व्हीएमसीवर जॉबवर्क करणाऱ्या शॉपला पडतो. किमतीआधी हिशेब करावा तो पोस्ट प्रोसेसरचा. टूलपाथचे फानुक किंवा सीमेन्स कंट्रोलला समजेल अशा जी-कोडमध्ये रूपांतर तोच करतो. सॉफ्टवेअर बदलले की तो नव्याने बसवावा लागतो. फानुकवर जी४३ च्या ओळीत एच क्रमांक चुकला, तर टूलची लांबी भलतीच धरली जाते आणि कटर थेट व्हाइसवर आदळू शकतो. म्हणून पहिला प्रोग्रॅम जॉबच्या वर, हवेतच चालवतात. जुन्या जॉबचा आकार स्टेप फाइलमधून नव्या पॅकेजमध्ये येतो, टूलपाथ मात्र सहसा येत नाही. त्याच त्या ऑर्डरी पुन्हा येत असतील, तर अपग्रेडच परवडते. एएमसी खंडित असल्यास काही विक्रेते मागच्या वर्षांचेही पैसे धरतात. तेव्हा दुसऱ्या पॅकेजचे कोटेशन जरूर घ्यावे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने नवा संगणक घेण्याचा खर्चही यात येऊ शकतो. निव्वळ ड्रिलिंग आणि पॉकेटिंग करणाऱ्याने पाच अक्षांच्या सोयींसाठी पैसे मोजणे ही उधळपट्टीच. डेमो विक्रेत्याच्या नमुन्यावर नव्हे, स्वतःच्या ड्रॉइंगवर मागावा.