एकाची शर्यत, घरभर जागरण

जानेवारीत उत्तर स्कॉटलंडमध्ये दुपारी चारच्या सुमारास दिवस मावळतो, तो उजाडतो दुसऱ्या दिवशी नवाच्या आसपास. नेमक्या याच महिन्यात तिथल्या स्ट्रॅथपेफर गावाजवळच्या जंगलात ‘स्ट्रॅथपफर’ नावाची माउंटन बाइक शर्यत होते. चोवीस तासांच्या या शर्यतीतले सुमारे सतरा तास काळोखाचे असतात. आखून दिलेली एकच वाट, तिच्यावर जमतील तितक्या फेऱ्या मारायच्या. दगड, चिखल, कधी बर्फ. काही जण ही शर्यत ‘सोलो’ करतात आणि वाटेच्या कडेला तंबू टाकून त्यांची बायको, नवरा, भाऊ किंवा वडील रात्रभर स्टोव्हपाशी बसलेले असतात.

आपल्याकडे सह्याद्रीच्या घाटांत सायकल घालणारे वाढलेत, तसे या प्रकाराबद्दलचे समजही वाढलेत. त्यातले काही तपासून पाहू.

गैरसमज : सोलो म्हणजे सगळं एकट्यानं करायचं.

वस्तुस्थिती : एकट्यानं मारायचं ते फक्त पेडल. मुळात चोवीस तासांची माउंटन बाइक शर्यत एकट्यासाठी नव्हतीच. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात लेअर्ड नाइट यांनी ‘२४ अवर्स ऑफ कॅनान’ भरवली, ती संघांसाठी. एकानं फेरी मारायची, तोवर बाकीच्यांनी खायचं, पाठ टेकायची. १९९६ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड या पठ्ठ्यानं तिथे चौघांचा संघ म्हणून नोंदणी केली. चारही नावं त्याच्याच नावाची फिरवाफिरवी होती. चौघांची शर्यत त्यानं एकट्यानं काढली आणि पुढे सोलो हा रीतसर गट झाला.

बहुतेक स्पर्धांत पिटमध्ये, म्हणजे फेरी जिथे पुरी होते त्या थांब्यावर, कोणाचीही मदत चालते. जंगलात चेन तुटली तर मात्र खिशातल्या अवजारांनी स्वतःच जोडायची, नाहीतर सायकल खांद्यावर घेऊन चालत यायचं.

गैरसमज : ‘रॅम’सारखंच असतं, मागे गाडी असतेच.

वस्तुस्थिती : रॅम, म्हणजे ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’, आपल्याला ओळखीची झाली ती नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांमुळे. त्यांनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघानं पुरी केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती सोलो केली. पण ती सुमारे ४,८०० किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत. तिथे मदतीची गाडी मागे चालते, खिडकीतून बाटली देता येते.

डोंगरवाटेवर गाडी जातच नाही. घरच्यांना आपला माणूस दिसतो तो फेरीला एकदाच, आणि तोही जेमतेम दोन-तीन मिनिटं. मधल्या तास-सव्वा तासात तो कुठे आहे, पडलाय का, काही कळत नाही. ज्यांनी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली आहे त्यांना हे लवकर उमगेल. तिथेही घरच्यांची मदत फक्त नेमलेल्या नियंत्रण थांब्यांवरच घेता येते. फरक इतकाच की बीआरएम ही शर्यत नाही आणि इथे थांबा एकच, तोच तो, पुन्हा पुन्हा येणारा.

गैरसमज : हे पंचविशीतल्या व्यावसायिक खेळाडूंचं काम.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या रेबेका रश यांनी २००७, २००८ आणि २००९ असं सलग तीनदा चोवीस तास सोलोचं विश्वविजेतेपद मिळवलं, ते चाळिशीच्या उंबरठ्यावर. ऑस्ट्रेलियाचे जेसन इंग्लिश हे सात वेळा विश्वविजेते, आणि पेशानं शाळेत गणिताचे शिक्षक. इथे धावपटूसारखा स्फोटक वेग लागत नाही. लागतो तो वर्षानुवर्षं मुरलेला दम आणि पहिल्या सहा तासांत हात आखडता घेण्याचं शहाणपण. हे दुसरं वयाबरोबर वाढतं.

गैरसमज : घरच्यांनी डबा द्यायचा आणि टाळ्या वाजवायच्या.

वस्तुस्थिती : पहाटे तीनचा एक थांबा डोळ्यांसमोर आणा. सायकल आत येते. एक जण ती धरतो, चेनवरचा चिखल फडक्यानं पुसून तेल सोडतो, ब्रेक पॅड पाहतो. ओल्या रेतीत पॅड एका रात्रीत संपू शकतात. तोवर दुसरा हेल्मेटवरचा दिवा बदलतो, कारण थंडीत बॅटरी नेहमीपेक्षा लवकर मान टाकते. बाटल्या बदलल्या, कोरडे हातमोजे चढवले, मिठातला उकडलेला बटाटा हातात दिला. शेजारच्या वहीत नोंद होते : फेरी अकरावी, आत आला ३:०४, बाहेर ३:०७, बाटली अर्धीच प्यायली, बोलणं ठीक.

या सगळ्यात एकही प्रश्न विचारलेला नाही. “काय खाशील?” हा घरातला सर्वांत प्रेमळ प्रश्न इथे घात करतो. अठरा तास पेडल मारलेल्या माणसाला दोनातलं एक निवडणंही जड जातं. तो गोंधळतो, बसतो, आणि एकदा खुर्चीत बसला की उठत नाही. जाणती मंडळी पिटमध्ये सायकलस्वारासाठी खुर्ची ठेवतच नाहीत.

गैरसमज : जितकं खाऊ-पिऊ घालाल तितकी ताकद येईल.

वस्तुस्थिती : स्नायू आणि यकृत मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. तो काही तासांत संपतो, म्हणून खावं लागतंच. पण आतड्यालाही मर्यादा आहे. निव्वळ ग्लुकोज ताशी सुमारे ६० ग्रॅमपर्यंत शोषलं जातं. त्यात फ्रुक्टोज मिसळलं तर ते वेगळ्या वाटेनं शोषलं जातं आणि सराव असेल तर ९० ग्रॅमपर्यंत जमतं. त्यापुढचं पोटात डचमळतं. खडबडीत उतारावर हे डचमळणं फार महागात पडतं.

पाण्याचंही तेच. घामातून मीठ जात असताना नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, भान हरपू शकतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून वहीत बाटली किती संपली हे लिहायचं असतं. आग्रह करून वाढणं हा आपला स्वभाव पंगतीत शोभतो. पिटमध्ये मोजून द्यावं.

गैरसमज : सायकल जितकी महाग तितकं काम सोपं.

वस्तुस्थिती : दोन्ही चाकांना सस्पेंशन असलेली सायकल कंबर आणि मनगटांचा मार कमी करते, हे खरं. पण चोवीस तासांत माणसं थांबतात ती पोट बिघडल्यामुळे, बैठक सोलवटल्यामुळे, गुडघ्यामुळे किंवा थंडीनं. एक जादा चड्डी, घासू नये म्हणून लावायचं क्रीम आणि कोरड्या मोज्यांचे चार जोड यांनी जेवढ्या फेऱ्या वाचतात, तेवढ्या कार्बनच्या सांगाड्यानं वाचत नाहीत.

गैरसमज : माया आड येते, म्हणून घरचे लवकर थांबवतात.

वस्तुस्थिती : उलटही होतं. वर्षभराची रजा, पैसा आणि रविवार यात घातलेले असतात, म्हणून घरचेच “अजून एक फेरी” म्हणून ढकलतात. दोन्ही धोके टाळायचे तर थांबण्याच्या अटी आदल्या आठवड्यात, घरी, चहा पिताना ठरवाव्यात. शब्द अडखळत असतील, थरथर थांबत नसेल, उलटीमुळे पाणीही टिकत नसेल, डोक्यावर पडला असेल, तर सायकल काढून घ्यायची. नुसता “कंटाळा आला” म्हणाला तर बाटली बदलून पाठवायचं. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. तेव्हाची निराशा बहुतेकदा उजाडलं की ओसरते.

गैरसमज : चोवीस तास झाले की शर्यत संपली.

वस्तुस्थिती : तंबू गुंडाळून घरी जायचं असतं. सलग चोवीस तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.१० टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. खेळाडू तर जागा असतोच, पण स्टोव्हपाशी बसलेलाही रात्रभर जागाच असतो.

म्हणून मदतीला किमान दोघं हवीत आणि त्यांच्या झोपेच्या पाळ्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेल्या हव्यात. मध्यरात्री कोणी मागच्या सीटवर घोंगडं ओढून घोरत असेल तर त्याला कामचुकार म्हणू नका. परतीच्या गाडीची किल्ली त्याच्या खिशात आहे.