४ आणि ६ ने भाग जातो, मग २४ ने जाईल का?

स्पर्धा परीक्षांत हा प्रश्न अनेकांना फसवतो: १ ते १००० मध्ये ४ आणि ६ या दोन्हींनी निःशेष भाग जाणाऱ्या संख्या किती? घाईत ४ × ६ = २४ धरून ४१ उत्तर दिले जाते. पण ३६ पाहा. तिला ४ ने भाग जातो, ६ नेही जातो. २४ ने जात नाही.

असे का? मूळ अवयव पाडा: ४ = २ × २ आणि ६ = २ × ३. सहामधला २ चारमध्ये आधीच आलेला आहे, तो पुन्हा मोजायचा नाही. म्हणजे दोन वेळा २ आणि एकदा ३ पुरे, लसावि १२. आता १००० ला १२ ने भागा. भागाकार ८३, बाकी ४. उत्तर ८३.

२४ चीच कसोटी हवी असेल, तर ३ आणि ८ घ्या. त्यांच्यात सामाईक मूळ अवयव नाही, त्यामुळे तिथे सरळ गुणाकार चालतो.