धोतर-फेटा घालताय? मग जागा बघून घाला!

नांदेड-लातूरकडं आता लग्नसराईत पोरंही हौसेनं धोतर नेसायला लागलीत. झकास! फक्त एवढं ध्यानात ठेवा:

🔸 लग्न: काठाचं धोतर, नेहरू शर्ट, रंगीत फेटा. यजमान मानाचा फेटा बांधायला आले तर नको म्हणू नका, मान पुढं करा.

🔸 अंत्यविधी, दहावा: भगवा-जरीचा फेटा घरीच. साधं पांढरं धोतर, डोक्याला पांढरी टोपी किंवा रुमाल.

🔸 पूजा: सोवळं वेगळं ठेवा. ते नेसून बाजारहाट करत नाहीत.

🔸 माळेगावची जत्रा (ता. लोहा, मार्गशीर्षात): खंडोबाचा भंडारा उधळला की पांढऱ्याचं पिवळं होणारच. भारी धोतर नेसून जाऊ नका.

🔸 नांदेडचं हुजूर साहिब: १७०८ साली गुरू गोबिंदसिंहजी इथंच ज्योतीज्योत समावले. डोकं झाकलेलंच हवं, त्यामुळं फेटा उतरवू नका. पायताण मात्र बाहेर.

नवशिक्यांनो, आधी निऱ्या सारख्या करून पोटाशी खोचा, मग काष्टा मागं घट्ट खोचा. कंबरेला पट्टा आवळा. मोटारसायकलवर बसताना सोगा वर खोचा, नाहीतर चाकात जाईल. अन् काटकोनात घडी करून इस्त्री मारू नका. धोतर धुवून, पिळून, दोघांनी ताणून वाळवलं की छान बसतं.

तुमच्या गावाकडं काय रीत आहे? खाली लिहा.