वैर शमविणारी विद्वत्ता

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत १९५५ पासून मराठी व बंगाली तरुण एकाच रांगेंत संचलन करीत आले आहेत. या दोन प्रांतांमध्यें एके काळीं रक्ताचें वैर होतें, हें त्यांना पाहून कोणास खरें वाटेल? तें वैर निवलें कसें, हा आजचा विषय आहे.

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून नऊ वर्षें वारंवार बंगालवर चालून गेल्या. गांवें जळालीं, माणसें गंगापार पळालीं. १७४४ मध्यें मराठ्यांचे सेनापति भास्कर राम कोल्हटकर यांस नबाब अलिवर्दीखानानें भेटीस बोलावून दग्यानें मारिलें. १७५१ च्या तहानें सालिना बारा लक्ष रुपये चौथ ठरली आणि लढाई थांबली. भीति मात्र मागें राहिली. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा आपला ‘बारगीर’ तिकडे ‘बर्गी’ झाला आणि अंगाईगीतांत जाऊन बसला.

तह राज्यकर्त्यांनीं केला. मनें जोडण्याचें काम पुढें विद्वानांनीं केलें. बंगालांत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील सखाराम गणेश देऊसकर यांनीं शिवाजीमहाराज व बाजीराव यांची ओळख बंगाली वाचकांना त्यांच्याच भाषेंत करून दिली. १९०४ सालीं रवींद्रनाथांनीं शिवाजी-उत्सवावर कविता रचिली. त्याच वर्षीं यदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सरकार मराठी शिकले, सरदेसायांच्या कामशेतच्या घरीं येऊन राहूं लागले. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, त्या कामीं सरकारांचें साह्य होतें.

हें सख्य परस्परस्तुतीवर उभें नव्हतें. सरकारांच्या १९१९ च्या इंग्रजी शिवचरित्रांतील कित्येक मतें पुण्याच्या संशोधकांस रुचलीं नाहींत, वादहि झाले. पुढें मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहितांना त्यांनीं बर्गींच्या अत्याचारांचें वर्णन सौम्य केलें नाहीं. तरी मैत्री अभंग राहिली. कारण फारसी पत्रें, मराठी दप्तरें आणि त्या स्वाऱ्यांचें वर्णन करणाऱ्या गंगारामासारख्या बंगाली कवीचें काव्य, अशीं सर्व बाजूंचीं साधनें समोर ठेवूनच निर्णय करावा, हा नियम दोघांनाहि मान्य होता.

अपराध झांकल्यानें वैर मिटत नाहीं. तें आंतल्या आंत धुमसत राहतें. पूर्वजांच्या पराक्रमाबरोबरच त्यांच्या घोड्यांच्या टापांखालीं कोणाचीं शेतें तुडविलीं गेलीं, हेंहि आपल्या मुलांना आपणच सांगावें. शेजाऱ्याचें दुःख आपल्या तोंडून निघालें, म्हणजे त्याला तें सूडबुद्धीनें सांगावें लागत नाहीं.