पोहण्याच्या हौदाचे अस्तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या गृहसंस्थेत एक तंटा उभा राहिला. पोहण्याच्या हौदाला मे महिन्यात प्लास्टिकचे नवे अस्तर बसविले होते. कारागीर त्यालाच लायनर म्हणतात. पहिल्याच आठवड्यात तळावर चुण्या दिसू लागल्या, आणि आषाढात तर खोल टोकाला ते अस्तर भाकरीसारखे फुगून वर आले. सभा भरली. कारागिराने काम बिघडविले आहे, त्याची राहिलेली मजुरी देऊ नये आणि हौद उद्याच रिकामा करून पाहावा, असे जवळजवळ ठरले. एका वृद्ध सभासदांचे आयुष्य पाटबंधाऱ्यांच्या कामात गेलेले. त्यांनी मात्र पाणी काढण्यास साफ विरोध केला, आणि आधी हौदाखाली काय आहे ते पाहा, असे सुचविले. त्यांचे ऐकले म्हणून हौद वाचला, आणि एका माणसावरचा अन्यायही टळला. ते कसे, हेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे अस्तर म्हणजे काय ते पाहू. घरगुती किंवा गृहसंस्थेच्या हौदात बहुधा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचे अस्तर घालतात. पुष्कळदा त्याची जाडी अवघी पाऊण मिलिमीटर असते. आता दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा हौद घ्या. त्यात ७५ हजार लिटर पाणी मावते, आणि त्याचे वजन ७५ टन भरते. एवढा भार तो पातळ पडदा पेलीत असेल, असे कोणी म्हणणार नाही. भार पेलतो तो खालचा तळ आणि बाजूच्या भिंती. अस्तराचे काम एवढेच की, पाणी झिरपू द्यावयाचे नाही. शिंप्याने कोटच वाकडा बेतला, तर आतले अस्तर कितीही उंची रेशमाचे असो, ते चुणावणारच. म्हणून अस्तरात दोष दिसला की पहिला प्रश्न अस्तराला नव्हे, तर तळाला विचारावयाचा.

पुण्याच्या जमिनीचा स्वभाव येथे ध्यानात घेतला पाहिजे. कोठे मुरूम, कोठे नदीकाठची काळी माती, आणि खाली काळा पाषाण. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. पाषाण पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे मुरमात उतरलेले पावसाचे पाणी पाषाणावर साचून राहते आणि हौदाच्या बगलेला येऊन उभे ठाकते. अस्तराखालच्या काँक्रीटला बारीक भेगा असल्या तर त्यांतून ते आत शिरते. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या पातळीहून ३० सेंटिमीटर वर गेली, तर तळाच्या दर चौरस मीटरला ३०० किलोचा रेटा खालून बसतो. अस्तर फुगते ते त्यामुळे.

आमच्याकडे नेमके हेच घडले होते. पावसात पोहणारे कमी, म्हणून हौदातले पाणी हातभर उतरवून ठेवले होते. हौदाशेजारी एक खड्डा खणून पाहिला, तो संध्याकाळपर्यंत त्यात पाणी चढले आणि हौदातील पाण्याच्याही वर येऊन थांबले. अशा वेळी हौद रिकामा केला असता तर काय झाले असते? आतला भार नाहीसा होताच अस्तर सगळेच उचलले गेले असते, कडेची पकड सुटली असती, आणि ओल्या मातीच्या दाबाने भिंतही आत कलंडली असती. उपाय याच्या अगदी उलट होता: हौद काठोकाठ भरावयाचा, आणि खड्ड्यातले पाणी पंपाने उपसावयाचे. तसे करताच चार दिवसांत फुगवटा बसला.

परंतु फुगवट्याखालचे पाणी जमिनीतलेच आहे, हौदातूनच गळलेले नव्हे, हे कसे ओळखावे? त्यासाठी एक बादली पुरे. बादलीत पाणी भरून ती हौदाच्या पायरीवर ठेवावी, आणि आतली व बाहेरची पातळी खुणेने नोंदवावी. न्हाणे-पोहणे व पंप बंद ठेवून, पाऊस नसेल असे चोवीस तास जाऊ द्यावे. उन्हावाऱ्याने दोन्हीकडचे पाणी सारखेच आटते. हौदाचे पाणी बादलीपेक्षा अधिक उतरले, तर अस्तराला छिद्र आहे. मग पाणी स्थिर असताना संशयाच्या जागी रंगीत पाण्याचे दोन थेंब सोडावेत. छिद्र असेल तर रंगाची रेघ तिकडे ओढली जाते. असे लहान छिद्र त्याच जातीच्या प्लास्टिकचे ठिगळ लावून पाण्याखालीही बुजविता येते. त्यासाठी हौद उपसावा लागत नाही.

चुण्यांची गोष्ट निराळी. माप चुकले, अस्तरामागे हवा अडकली किंवा पाण्याचा सामू दीर्घकाळ फार खाली राहिला, म्हणजे चुण्या पडतात. सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान असावा. माप घेताना लांबी-रुंदीवर समाधान मानू नये. दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे नसतील तर हौद काटकोनात नाही, आणि काटकोनी बेतलेले अस्तर त्यात नीट बसणार नाही. पसरण्यापूर्वी तळावरून अनवाणी चालून पाहावे. पायाला जो खडा लागतो तो ७५ टनांखाली अस्तरालाही टोचणारच. पुढे अस्तर उन्हात मऊ होऊ द्यावे, मागची हवा यंत्राने ओढून घ्यावी, आणि तळावर चार बोटे पाणी असतानाच चुण्या पायाने कडेकडे सारून काढाव्यात. पाणी अधिक चढले की त्या हलत नाहीत. भिंतीतील नळांची भोके मात्र घाईने कापू नयेत. पाणी त्या नळाच्या किंचित खाली येईपर्यंत थांबावे. तोवर अस्तर ताणले जाऊन आपल्या जागी बसते. आधी कापलेले भोक पुढे ताणाने फाटते.

ही विद्या नवीन वाटते; परंतु तिचे मर्म पुणेकरांना जुने आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळाने शहरातील हौदांत आणण्याचे काम सुरू झाले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले आहेत, ते कोंडलेल्या हवेला आणि पाण्याच्या दाबाला वाट मिळावी म्हणून. आज नाशिक-सोलापूरकडील द्राक्षे-डाळिंबांचे बागाईतदार शेततळ्यात अर्ध्या मिलिमीटरचा प्लास्टिकचा कागद अंथरतात. तेही आधी खडे आणि मुळ्या वेचतात, आणि कागदाची कड काठावरच्या चरात पुरतात. पाणी आत धरावयाचे असेल तर बाहेरच्या पाण्याला वाट ठेवावी आणि तळ आधी सिद्ध करावा, हा धडा दोघांचाही एकच.

आमच्या तंट्याचा शेवट सांगून पुरे करतो. जुने कागद काढले तेव्हा असे दिसले की, कारागिराने आपल्या अंदाजपत्रकात तळाखाली खडीचा थर आणि निचऱ्याची नळी धरली होती; खर्च वाचविण्यासाठी ती कलमे आम्हीच खोडली होती. फुगवटा आमचा होता. चुण्या मात्र त्याच्या होत्या. हवा न ओढता त्याने पाणी सोडले होते, हे त्याने स्वतःच कबूल केले. आम्ही त्याची मजुरी चुकती केली आणि पाऊस सरल्यावर, जमिनीतले पाणी उतरल्याची खात्री करून, निचऱ्याची नळी घातली. त्याने चुण्या विनामोबदला काढून दिल्या. आता तो खड्डा आम्ही बुजविलेला नाही. त्यात एक उभी नळी बसविली आहे, आणि दर पावसाळ्यात हौदाच्या आधी तिच्यात डोकावून पाहतो.